डबी माझी, गाणं तुमचं

एक्केचाळीस वर्षांची झाली तरी तिला घरात बारकीच म्हणत. तसं म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं, तिचे काका. लहानपणी आलेल्या तापात काकांचे डोळे गेले होते. पुढे पस्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम केलं. चारशे एक्स्टेन्शन नंबर त्यांना पाठ होते. नुसत्या 'हॅलो'वरून ते डॉक्टर ओळखायचे, आणि तो डॉक्टर आज घरून भांडून आलाय की काय, तेही.

काकू त्याच हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात टायपिस्ट होती. ती बोर्डाला फोन लावायची आणि म्हणायची, "जरा लाईन द्या ना."

"कोणाची देऊ?" काका विचारायचे.

"थांबा हं, आठवते."

तिला आठवेपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. हे वर्षभर चाललं. मग एक दिवस काका म्हणाले, "तुम्हाला कोणाचीच लाईन नको असते, असं मला वाटायला लागलंय." त्यावर काकू म्हणाली, "फारच लवकर कळलं." दोन महिन्यांत त्यांनी लग्न केलं.

त्यांना मूलबाळ झालं नाही. बारकी काकांच्या थोरल्या भावाची मुलगी. आईवडील गेल्यावर सुट्टीचा दिवस ती काका-काकूंकडेच काढायची. तीन वर्षांपूर्वी काकू आजारपणात गेली, आणि तेव्हापासून काका एकटेच राहत होते. एकदा ते न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. बारकीने मग त्यांचं काही ऐकूनच घेतलं नाही.

"आता माझ्याकडे चला. कायमचे."

"अगं, तुझं घर म्हणजे काडेपेटी."

"दोनच काड्या आहेत आपण. मावू."

घर खरंच काडेपेटीएवढं होतं. दोन खोल्या, तिसरा मजला, खाली टायर पंक्चरचं दुकान. बारकी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यावरून ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायची. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला जेवता येत नाही, म्हणून दिवसभर बोटांनी चाचपून बघायचं काम. घरी आली तरी तिच्या नखांत पांढरं प्लास्टर असायचंच.

काकांचा हात गळ्यात असतानाच बारकीने त्यांची भाड्याची जागा रिकामी करायला घेतली. कपडे, भांडी, रेडिओ, काकूचा टाइपरायटर. मग ती बाहेरच्या खोलीतल्या भिंतीशी आली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर सीड्या. मोजल्या तेव्हा चारशे बारा भरल्या. बासरी, व्हायोलिन, जुनी गाणी, कोरस, कुठल्या कुठल्या देशांतले ढोल. बारकीने आठवडाभर, काम सुटल्यावर तिथे जमिनीवर बसून एकेका सीडीचं नाव फोनवर शोधलं. पाच-सहा सोडल्या तर सगळी गाणी सापडली. तिने बोलल्यावर गाणी लावणारा एक छोटा स्पीकर आणला आणि काकांना विचारलं.

"काका, तुमची सगळी गाणी यात मिळतायत. नुसतं नाव सांगायचं, की लागतं. मग सीड्यांचं काय करू?"

काकांनी स्पीकर हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "गाणी मिळतायत ना? मग सीड्या देऊन टाक. कोणीतरी ऐकेल तरी."

"नक्की?"

"नक्की गं. त्या चकत्यांचा मला काय उपयोग?"

बारकीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. सहा खोकी भरून तिने ती बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या एका दुकानात दिली. जुन्या सीड्या, रेकॉर्ड आणि व्हिडिओ गेम घेणारं-विकणारं ते दुकान होतं. दुकानवाल्या बाईंनी खोकी आत ठेवायला सांगितली, आणि बारकी मोकळ्या हातांनी घरी आली.

स्पीकरशी काकांची लगेच गट्टी जमली. त्यांची जुनी सवय जाईना. ते स्पीकरला म्हणायचे, "बाई, जरा बासरीची लाईन द्या." बारकी हसून हसून बेजार व्हायची. एकदा स्पीकर म्हणाला, हे गाणं आता उपलब्ध नाही. कालपर्यंत तर होतं. बारकीने फोनवर शोधलं तर तो आख्खा संचच गायब झालेला. कंपन्यांचं आपापसात काहीतरी बिनसलं असावं. ती वैतागली, पण काका म्हणाले, "लाईन बिझी असेल. होईल मोकळी," आणि त्यांनी दुसरं काहीतरी लावायला सांगितलं.

असे दोन महिने गेले.

एका रविवारी सकाळी बारकी काकांची नखं काढत होती. मनगटाचं प्लास्टर सुटलं होतं, तरी डाव्या हातात कात्री धरवत नव्हती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाशी आली तसे काका म्हणाले, "याचं अगदी मुळापर्यंत काढ गं. वाचताना नख मध्ये येतं."

"काय वाचणार आहात?"

"तू खोकी उघडलीस की डब्या वाचेन म्हणतो. घाई नाही हं मला. तुला लॅबमधून येऊन दम खायलाही वेळ नसतो, दिसतंय मला." काका 'दिसतंय' हा शब्द नेहमीच वापरायचे.

बारकीचा हात थांबला. "कोणती खोकी?"

"डब्यांची. सीड्या काढून दिल्यास ना, त्यांच्या रिकाम्या डब्या."

  बारकीने कात्री खाली ठेवली, पण काकांचं बोट हातातून सोडलं नाही.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "मी सीड्या डब्यांसकटच दिल्या."

 खाली पंक्चरवाल्याचा पंप धापा टाकत होता. काकांनी बोट सोडवून घेतलं आणि ते म्हणाले, "हां. बरोबर आहे. डबीशिवाय सीडी कोण घेईल? माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

"पण डब्यांवर ब्रेलमध्ये नुसती नावं होती ना? मला वाटलं, शोधायला सोपं जावं म्हणून..."

"नावं नव्हती गं ती," काका म्हणाले. "मागच्या बाजूला ती काहीतरी लिहायची. मला."

मग त्यांनी सांगितलं ते बारकीने जन्मात कधी ऐकलं नव्हतं. लग्न झाल्यावर काकू त्यांच्यासाठी ब्रेल शिकली. छिद्रांची पाटी आणि टोच्या घेऊन ती पारदर्शक चिकटपट्टीवर ठिपके टोचायची. टोचताना सगळं उजवीकडून डावीकडे आणि उलटं काढायचं, म्हणजे पट्टी सुलटी केली की बोटाला नीट लागतं. सुरुवातीला काकूचं उलटसुलट व्हायचं. ब्रेलमध्ये 'ह' उलटा झाला की त्याचा 'ज' होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई दुपारी झोपायच्या, म्हणून तिने एका डबीमागे लिहिलं होतं, 'हळू लाव.' काकांनी वाचलं, 'जळू लाव.'

"मी घाबरलोच," काका म्हणाले. "म्हटलं, बाईला झालंय तरी काय? कोणाला जळू लावायची?"

ते हसायला लागले आणि बारकीला रडू फुटलं.

"अगं रडतेस काय? पाठ आहे मला बहुतेक सगळं."

"मग डब्या कशाला हव्या होत्या?" तिने डोळे पुसत विचारलं. उलट विचारायचं म्हणून नाही, खरंच कळावं म्हणून.

काकांनी थोडा विचार केला. "पाठ आहे ते माझ्या आवाजात आहे गं. डबीवर आहे तो तिचा हात."

बारकी उठली, चप्पल घातली आणि निघाली. दुकान रविवारी बंद असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. नशिबाने ते उघडं होतं.

दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या. चष्मा केसांवर, गळ्यात मोजपट्टी. आधी त्या शिवणकाम करायच्या, ती सवय राहिली होती. बारकीने एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही ती ठिपक्यांची खोकी दिलीत होय? थोड्या विकल्या गेल्या त्यातल्या. बाकीच्या आहेत मागे."

बारकीचा जीव भांड्यात पडला.

"पण एक सांगायचं राहिलं," बाई ओशाळून म्हणाल्या. "माझ्याकडे आलेली डबी मी पुसून, जुनी चिकटपट्टी काढून ठेवते. लोक स्वच्छ माल मागतात. तुमच्या डब्या आल्या तेव्हा पहिल्या दिवशी मी काही पट्ट्या ओढून काढल्या. मला वाटलं, दुकानातलंच कसलंतरी लेबल असेल. वीस-पंचवीस काढल्यावर बोटाला ठिपके लागले. मग हात थांबवला."

"त्या पट्ट्या?"

बाईंनी काउंटरच्या कडेकडे बोट दाखवलं. खालच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या गुडघ्याजवळ, लाकडावर कसल्या कसल्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. किमतीच्या चिठ्ठ्या, नावांची लेबलं, कुरिअरवाल्यांची स्टिकर्स. "काढलेली पट्टी हाताला चिकटते, मग मी ती इथेच लावून टाकते. वाईट सवय. नवरा ओरडतो."

त्या पसाऱ्यात तेवीस पारदर्शक पट्ट्या होत्या. बारकीने बोट फिरवलं. दिवसभर साचे चाचपणारं तिचं बोट, त्याला एकेक ठिपका स्वच्छ कळत होता. अर्थ मात्र एकाचाही कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधून अर्धी रजा घेतली आणि काकांना घेऊन दुकानात आली. आत शिरताच काकांनी वास घेतला. "पुठ्ठा, धूळ आणि तापलेली वायर," ते म्हणाले. "छान आहे दुकान."

"बसा ना काका," बाईंनी स्टूल पुढे केलं.

"पट्ट्या कुठे आहेत?"

"खाली आहेत हो, अगदी खाली."

काका काउंटरपाशी गेले, सावकाश गुडघ्यांवर बसले आणि लाकडावर हात ठेवला. दोन गिऱ्हाइकं गेम चाळत उभी होती, ती बाजूला सरकली. काकांचं बोट कुरिअरच्या एका स्टिकरवरून घसरलं आणि पहिल्या पट्टीवर येऊन थांबलं. मग ते डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं.

"'तिसरं गाणं टाळ. मला रडू येतं,'" त्यांनी वाचलं. "हां, ही व्हायोलिनची. तो म्हातारा वाजवतो ती."

बाईंनी पटकन कागद-पेन घेतलं. "व्हायोलिन, म्हातारा," त्या लिहायला लागल्या.

"'याचा आवाज तुझ्यापेक्षा बरा आहे. चिडू नकोस.'" काका गालात हसले. "चिडलो होतो मी. दोन दिवस गात नव्हतो."

बोट पुढे गेलं. "'भांडण झाल्यावर ही लावायची. आधी तू बोलायचं.' ही... ही कोरसची असणार. निळी डबी, असं ती म्हणायची."

असं एकेक करत ते वाचत गेले. नुसत्या वाक्यावरून सीडी ओळखत होते, बाई लिहून घेत होत्या, बारकी मागच्या खोलीतून ती डबी शोधून आणत होती. बाईंनी पुसून चकचकीत केलेली ती डबी आता कुठल्याही दुसऱ्या डबीसारखी दिसत होती. पंधरा-सोळा पट्ट्या झाल्यावर काकांचं बोट एका पट्टीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"काय आहे, काका?" बारकीने विचारलं.

"'पाचवं लागलं की मी नाचते,'" काकांनी वाचलं. "'तुला कळतं, मला माहीत आहे.'"



"कळायचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"फरशीला कळायचं हो," काका म्हणाले. "मी खुर्चीत पाय खाली सोडून बसायचो. फरशीतून यायचं माझ्या पायात. मला वाटायचं, मला कळतंय हे तिला ठाऊक नाही. नंतर लिहिलं तिने हे." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सावकाश नाक पुसलं. "सराईत नव्हती काही. ताल चुकायचा."

बाईंनी शिवण उसवायची बारीक पात ड्रॉवरमधून काढली आणि तेविसच्या तेवीस पट्ट्या लाकडावरून जपून सोडवल्या, एखाद्या जुन्या कपड्याची शिवण उसवावी तशा. एकही फाटली नाही. बारकी पैसे काढायला लागली तशी बाईंनी तिचा हात धरला.

"पैसे कसले देताय? तुम्हाला सीड्या हव्यात का?"

"नाही," बारकी म्हणाली. "गाणी घरी लागतात. फक्त डब्या हव्यात."

"मग सोपं आहे. माझ्याकडे रिकाम्या डब्या पोत्याने पडल्यात. सीड्या त्यात घालते, तुमच्या डब्या तुम्ही न्या. विकल्या गेल्यात त्यांचंही तेच करू. मी दारावर पाटी लावते: ठिपक्यांची डबी आणून द्या, नवी कोरी घेऊन जा. गाणं तुमचं, डबी आमची."

कोपऱ्यात गेम चाळणारा माणूस, एक बसड्रायव्हर, मध्येच म्हणाला, "माझ्याकडे असेल एक. ढोलाची. उद्या आणतो."

"तुम्ही अजून सीड्या घेता?" काकांनी त्याला विचारलं. "आमच्या घरी तर एक बाई आहे, नाव घेतलं की गाते."

"काका, मी तीन गेम डाऊनलोड करून घेतले होते," ड्रायव्हर म्हणाला. "घेतले म्हणजे आपले वाटले. गेल्या वर्षी कंपनीने ते ऑनलाइन दुकानच गुंडाळलं. आता यंत्र बदललं तर ते गेम परत मिळणार नाहीत. चावी दिली होती म्हणे, कुलूप त्यांचंच. तेव्हापासून मी हातात धरता येईल तेच घेतो."

"पण हातातलंही जातं हो," काका म्हणाले. "आमचं बघा. चांगली सहा खोकी हातातून दिली."

बारकीने मान खाली घातली. काकांनी अंदाजाने हात पुढे केला, तिचा खांदा सापडला तिथे दोनदा थोपटलं. "दिली म्हणूनच तर आज हे सगळे भेटले," ते म्हणाले. "घरात बसून मी काय, पाठ म्हणत बसलो असतो."

पुढच्या महिनाभरात डब्या परत येत गेल्या. ड्रायव्हरने ढोलाची आणली. एका शाळेतल्या बाईंनी चार आणल्या, एका न्हाव्याने दुकानात लावायला नेलेल्या सात. काही जणांना दारावरची पाटी वाचून उत्सुकता वाटायची, मग काका तिथे असले तर ते मागची ओळ वाचून दाखवायचे, काही चावट असलं तर म्हणायचे, "हे खासगी आहे." मग सगळे हसायचे. तेवीस पट्ट्या बारकीने आपापल्या डब्यांवर परत लावल्या. काकांनी एकेकीवर बोट फिरवून ती तिरकी तर नाही ना, ते तपासलं.

घरी एक भिंत डब्यांनी भरली. बारकीने आपलं कपाट उंबऱ्याबाहेर, जिन्यातल्या चौकात काढलं. काका रोज संध्याकाळी एक डबी काढायचे, मागचं वाचायचे आणि मग स्पीकरला ते गाणं लावायला सांगायचे. डबीत काहीच नसायचं. गाणं हवेतून यायचं. त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

पण बारकीच्या लक्षात आलं की खालच्या फळीवरच्या नऊ डब्यांना काका हात लावत नाहीत.

"त्या का नाही वाचत?"

"त्या शेवटच्या वर्षाच्या," काका म्हणाले. "तिच्या हातात जोर नव्हता. ठिपके अगदी पुसट उठलेत. बोट फिरवलं की झिजतात. जेवढे उरलेत तेवढे राहू देत."

"काय आहे त्यात?"

"दोन-तीनच माहीत आहेत. बाकीच्या मी एकदाच वाचल्या, तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. माझं लक्ष नव्हतं."

 दुसऱ्या दिवशी तिने नऊ डब्या कापसात गुंडाळून लॅबमध्ये नेल्या. जबड्याचा साचा घ्यायला ते जे सिलिकॉन वापरतात, त्यात एक पातळ प्रकार असतो. तो दाबावा लागत नाही, नुसता ओतला की केसाएवढी रेघही उचलतो. तिने पट्ट्यांच्या कडेला मेणाचा बांध घातला आणि सिलिकॉन ओतलं. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसली. साचा सुटला तसं तिने भिंगाखाली बघितलं. पट्टीवरचा एकही ठिपका हलला नव्हता. साच्यात त्याच ठिपक्यांचे बारीक खड्डे उठले होते, कमी-जास्त खोलीचे. कुठे हात टेकला होता, कुठे दमला होता, ते सगळं त्यात आलं होतं. तिने त्या साच्यात कवळीचं मटेरियल भरलं, शिजवलं, घासून कडा काढल्या. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "हे कोणाचे दात?"

"माझ्या काकूचे," बारकी म्हणाली.

घरी येऊन तिने पहिली पट्टी काकांच्या हातावर ठेवली. "ही खरी नाही. खरी डबीवर तशीच आहे, तिला काही झालेलं नाही. ही नक्कल आहे, पण अगदी तीच. दगडासारखी टणक आहे. कितीही वाचा."

काकांनी बोट ठेवलं. मग उचललं. परत ठेवलं.

"हा तिचा 'र' आहे," ते म्हणाले. "शेवटचा ठिपका नेहमी जरा खाली जायचा. ही तीच आहे गं."

"एक सांगायचं राहिलं. तिचा रंग गुलाबी आहे. हिरड्यांसारखा. आमच्याकडे दुसरं मटेरियल नाही."

काकांना कळायला क्षणभर लागला. मग ते एवढं हसले की खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तिला कवळी बसवलीस तू! तिला कळलं असतं तर... अगं, ती शेवटपर्यंत आपल्या खऱ्या दातांचा तोरा मिरवायची."

मग ते वाचायला लागले. मोठ्याने नाही. बारकी स्वयंपाकाला लागली. नवव्या पट्टीपर्यंत त्यांना जवळजवळ तास लागला, कारण प्रत्येक पट्टी त्यांनी चार-पाचदा वाचली. मध्ये एकदा ते स्वतःशीच "बरं," एवढंच म्हणाले, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखं. काय लिहिलं होतं ते बारकीने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जेवताना ते दोन घास जास्तच जेवले.

अजून आठ डब्या यायच्या होत्या. एका दुपारी फोन आला. बारकीने स्पीकरवर टाकला. पलीकडे एक तरुण बाई होती, बोलताना जरा संकोचत होती.

"दुकानात पाटी वाचली, नंबर तिथूनच घेतला. माझ्याकडे तुमची एक डबी आहे, समुद्राच्या आवाजाची. मी आणून देते, पण... आत्ता लगेच नको म्हणून फोन केला. माझी मुलगी आहे दोन वर्षांची. तिला झोप येत नाही. ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत झोपते. दोन-चार महिन्यांत सवय सुटली की देते. चालेल का?"

बारकीने काकांकडे बघितलं. काका फोनच्या दिशेला तोंड करून बसले होते, पाठ ताठ, बोर्डावर बसायचे तसे.

"समुद्राची ना?" त्यांनी विचारलं. "राहू द्या तिच्याकडे."

"नाही, तसं नको. तुमच्या आठवणीची वस्तू आहे..."

"राहू द्या हो. सवय सुटायची घाई करू नका. फक्त मोठी झाली की तिला सांगा, ते ठिपके म्हणजे अक्षरं आहेत. कधी वाचावंसं वाटलं तर इथे यायचं. मी नसलो तर माझी पुतणी शिकवेल. ती शिकतेय सध्या."

"हो," बारकी म्हणाली. "पहिली दहा अक्षरं झालीत."

फोन ठेवल्यावर बारकीला राहवलं नाही, तिने विचारलंच. "काय लिहिलंय हो काकूने त्या समुद्राच्या डबीवर?"

"'मला ही अजिबात आवडत नाही,'" काका म्हणाले. "'तुला आवडते म्हणून फेकत नाही.'"

आणि त्यांनी स्पीकरला समुद्र लावायला सांगितला.